पायांवरचे जांभळे ठिपके

आईच्या पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठायचे. सांधे धरायचे, तळव्यांना मुंग्या यायच्या, थकवा तर कायमचाच. 'आरए फॅक्टर' पॉझिटिव्ह आला आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्यावर संधिवाताचे उपचार झाले. यकृताचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. कावीळ तिला कधी झालीच नव्हती.

नंतर मी या ठिपक्यांचा इतिहास शोधत गेले.

1966 मध्ये मेल्ट्झर आणि फ्रँकलिन या संशोधकांनी हीच लक्षणं असलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं: ठिपके, सांधेदुखी, अशक्तपणा. त्यांच्या रक्तात थंडाव्यानं साकळणारी प्रथिनं होती. त्यांना 'क्रायोग्लोब्युलिन' हे नाव 1947 मध्येच मिळालं होतं. पण ती का तयार होतात, ते कळेना. म्हणून आजाराच्या नावाआधी 'इसेन्शियल' हा शब्द लागला. वैद्यकात त्याचा अर्थ एवढाच: कारण माहीत नाही.

उत्तर भलतीकडूनच आलं. रक्त चढवलेल्या लोकांना ए नाही, बी नाही, अशी एक वेगळीच कावीळ होते, हे 1975 मध्ये लक्षात आलं होतं. 1989 मध्ये मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी तिचा विषाणू ओळखला: हिपॅटायटिस सी. चाचणी हाती आल्यावर 'इसेन्शियल' रुग्णांचं रक्त तपासलं गेलं. बहुतेकांमध्ये हाच विषाणू निघाला!

तो वाढतो यकृतात. पण वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजताना शरीराच्या बी पेशी भलतीच प्रतिपिंडं बनवू लागतात. त्यांचे गुंते बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्वचा, नसा, मूत्रपिंडं दुखावतात. 'आरए फॅक्टर' हे त्यातलंच एक प्रतिपिंड. म्हणजे आईचा रिपोर्ट खोटा नव्हता, त्याचा अर्थ चुकला होता.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी रक्त चढवलं होतं का?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या बाळंतपणात. 1988 साली."

तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. त्या बाटलीची तपासणी करणार कोण आणि कशी?

आता औषध आहे. 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. आईनं बारा आठवडे रोज गोळ्या घेतल्या. विषाणू गेला, ठिपके गेले. तळव्यांच्या मुंग्या मात्र राहिल्या. नसांचं नुकसान आधीच होऊन गेलं होतं.

तुमच्या घरातही कुणाला जुन्या काळी रक्त चढवलं असेल. आज विचारून बघा.