पाच महिन्यांचा भारत एफसी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भर दुपारी दगड तळपायाला चटके देतो, म्हणून तुम्ही ओवरीच्या सावलीला सरकता. समोरच्या भिंतीवर चक्क मराठी असते. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याची हकीकत इथे कोरवून घेतली. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावर मराठ्यांकडे होतं. एवढं राज्य केलं की स्वतःच्या इतिहासासाठी भिंत मिळते. तुम्हाला जायचं आहे ते मात्र भिंत न मिळालेल्यांकडे. साल 2015, गाव पुणे.

ट्रकचे हॉर्न ऐकू आले की बालेवाडी आली समजा. मुंबई-बंगळूर महामार्गाला खेटून श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधलं. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे तुम्ही कुठेही बसलात तरी खेळ दूरच राहतो. फुटबॉलसाठी हे स्टेडियम कधीच सोयीचं नव्हतं, हे माझं मत आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही.

गॅलरीत जागा शोधावी लागत नाही. कुठल्या तरी अकादमीची ट्रॅकसूटमधली पोरं, दोनचार कुटुंबं, आयटी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेला एक जण. माणसं इतकी विरळ की टचलाइनवरून प्रशिक्षक काय ओरडतोय ते तुम्हाला ऐकू येतं. इंग्लंडच्या मॅन्सफिल्ड टाऊनचे एकेकाळचे मॅनेजर स्टुअर्ट वॉटकिस भारत एफसीचे प्रशिक्षक आहेत. बचावात देशाकडून खेळलेला, 2010 चा सर्वोत्तम भारतीय फुटबॉलपटू ठरलेला मणिपूरचा गौरमांगी सिंग आहे. पुढच्या फळीत न्यूझीलंडचा क्रिस ब्राइट. मालक कल्याणी समूह, म्हणजे मुंढव्याच्या भारत फोर्जवाले. क्रँकशाफ्ट घडवणारे लोक आहेत. पैशाला तोटा नाही.

समोर आहे पुणे एफसी, अशोक पिरामल समूहाचा संघ, 2007 पासूनचा. म्हणजे हा पुण्यातला डर्बी सामना. गंमत अशी की दोघांचंही घरचं मैदान बालेवाडीच. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे कार्यक्रमपत्रिका बघूनच कळायचं. पुणे एफसीचं बरं चाललं होतं, 2012-13 ला तर ते आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, दुसरे आले होते. आणि या दोघांशिवाय गावात तिसराही आहे. आत्ता हिवाळ्यातच याच गवतावर एफसी पुणे सिटीकडून डेव्हिड त्रेझेगे खेळून गेला, 1998 चा विश्वविजेता. ती आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग; तिथे दिवे, नटनट्या, टीव्ही. ही आय-लीग, म्हणजे तुम्ही आणि ती ट्रॅकसूटमधली पोरं.

शेजारी खडकीचे एक काका येऊन टेकतात. हातात शेंगदाण्याची पुडी. तुम्ही विचारता, कुणाच्या बाजूने?

"कुणाच्याच नाही हो. बॉल बघायला आलोय. आमच्या ढोबरवाडीच्या मैदानावर या कधी, लाइनीला चिकटून उभे राहतात लोक. तिथं हरलं की आठवडाभर गल्लीत तोंड लपवायला लागतं."

काका शेंगा फोडतात आणि खेळाकडे वळतात. त्यांचं बोलणं लक्षात असू द्या, कारण या मैदानावर हरण्याची किंमत काय, हाच पुढचा सगळा मामला आहे.

झालं असं होतं. आय-लीगला प्रेक्षक मिळेनात, तेव्हा फुटबॉल महासंघाने बड्या कंपन्यांना थेट वरच्या श्रेणीत बोलावलं. 2013 ला जेएसडब्ल्यूचा बेंगळुरू एफसी असाच आला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. हिशेब बसला. मग पुढच्या बोलीत कल्याणी आले आणि आमिष म्हणून एक सवलत मिळाली: सुरुवातीला कितीही खाली गेलात तरी खालच्या श्रेणीत ढकलणार नाही. धंद्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. कारखाना काढणाऱ्याला पहिली काही वर्षं करसवलत देतात, तसंच हे. फक्त फुटबॉलमध्ये तळाला पडायची धास्ती हाच अर्धा खेळ असतो. ती काढून घेतलीत की मार्च-एप्रिलमध्ये तळाशी असलेल्या संघाचा सामना बघायला कोण येईल?

आता थोडं पुढे या. 31 मे 2015, बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम. जानेवारीच्या 17 तारखेला सुरू झालेल्या हंगामाचा शेवटचा दिवस. मोहन बागानला एक गुण हवा आहे आणि ते एका गोलने मागे आहेत. सत्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवर नायजेरियाचा बेलो रझाक डोकं लावतो, 1-1, आणि कोलकात्यात तेरा वर्षांनी फटाके वाजतात. सगळे कॅमेरे तिकडे. तुम्ही मात्र गुणतक्त्याचा खालचा भाग बघा, तिथला घोळ जास्त बघण्यासारखा आहे.

अकरा संघ. अकरावा, म्हणजे शेवटचा, भारत एफसी. नियमाने त्यानेच खाली जायचं. पण सवलत आहे. मग दहावा जातो. दहावा कोण? गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब. राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि आय-लीग धरून पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला. पाच! शेवटच्या क्रमांकाचा संघ वर राहिला आणि त्याच्या वाट्याची शिक्षा पाच वेळच्या विजेत्याने भोगली.

त्या दिवशी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमबाहेर एखाद्या ताव्हेर्नात बसलात तर काय ऐकू येईल, ते इथे छापता येणार नाही. नियम आधीच लिहिलेला होता हे खरं. धेंपोने दोन सामने अधिक जिंकले असते तर प्रश्नच नव्हता, हेही खरं. तरीपण.

पुढच्या पावसाळ्यात पुण्याला परत या. सवलतीमुळे तळाशी असूनही टिकलेला भारत एफसी पुढच्या हंगामात उतरतच नाही. पुणे एफसीचा वरिष्ठ संघही बाहेर पडतो. पहिल्याच फटक्यात तिसरा आलेला शिलाँगचा रॉयल वाहिंगडोहसुद्धा. जानेवारी 2016 मध्ये आय-लीग सुरू होते तेव्हा संघ उरलेत नऊ. बालेवाडीतल्या डर्बीचे दोन्ही पक्ष नाहीत. धेंपोला खाली ढकलून जी जागा राखली ती रिकामीच.

त्यानंतर पुण्याचं काय झालं ते धावतं सांगतो. डीएसके शिवाजियन्स आले, दोन हंगाम आय-लीग खेळले आणि गेले. 2019 ला एफसी पुणे सिटी गुंडाळलं आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीला घर म्हणणारे चार व्यावसायिक संघ, पाच वर्षांत चारही नाहीत.

हे सगळं पुण्याच्या माथी मारायची घाई करू नका. त्याआधी स्वारगेटवरून कोल्हापूरची एसटी पकडा, साल तेच ठेवा. राजर्षी शाहू स्टेडियम. पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा बालगोपाल विरुद्ध खंडोबा, कुठलाही सामना चालेल. तालमींचे आणि पेठांचे संघ आहेत हे, मालक नाही, त्रेझेगे नाही. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. ढोल आहेत, रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार आहे, आणि पोलीस कडं करून उभे आहेत कारण इथे खरंच मारामाऱ्या होतात; उगाच या प्रेमाच्या आरत्या ओवाळू नका. शेजारच्या पोराला विचारा, भारत एफसी माहीत आहे का रे?

"कुठल्या पेठंचा?" तो विचारतो, आणि तुम्ही काही सांगायच्या आत उठून पंचाला शिव्या घालायला लागतो.

शेवटचा टप्पा गोव्याचा, कारण ती गोष्ट अर्धी राहिली. खाली ढकललेला धेंपो मुकाट्याने दुसऱ्या श्रेणीत खेळला, 2016 मध्ये ती जिंकला आणि हक्काने वर यायला पात्र झाला. पण तोवर महासंघाची नवी योजना आली होती: आयएसएल सर्वांत वर, आय-लीग तिच्याखाली. साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली, मागोमाग धेंपोनेही. संघ मोडला नाही त्यांनी, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले. मग पुन्हा खालून सुरुवात केली आणि 2024-25 च्या हंगामात ते आय-लीगमध्ये होते, नवी पोरं घेऊन, जुन्याच नावाने.