स्वतंत्र राष्ट्रीय पर्यावरण सल्लागार मंडळाची भूमिका : खिदिरपूर ते पश्चिम घाट



बॉयलरची कार्यक्षमता काढायला तुम्ही शिकता. इंधन नीट जळाले नाही की चिमणीतून काळा धूर येतो, हेही तुम्हाला माहीत आहे. पण धूर किती काळा चालेल, हे कोणी ठरवायचे? कारखानदाराने, सरकारने, की दोघांपासून वेगळ्या असलेल्या जाणकारांनी? या पाठात आपण भारताच्या इतिहासातील तीन प्रसंग पाहणार आहोत : कोलकात्याचा धूर, केरळची सायलेंट व्हॅली आणि पश्चिम घाट. तिन्ही ठिकाणी तज्ज्ञ होते आणि त्यांनी अभ्यासही केला. त्यांच्या सल्ल्याचे पुढे काय झाले, याकडे विशेष लक्ष द्या.

१. खिदिरपूर आणि धूर आयोग

खिदिरपूरची गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. हुगळीच्या काठांवर तागाच्या गिरण्या व लोखंडी कामाचे कारखाने होते आणि नदीत आगबोटी. सगळ्यांचे इंधन एकच, कोळसा. कलकत्ता व हावड्यासाठी धुराविरुद्ध १८६३ मध्येच कायदा झाला होता, पण त्याची अंमलबजावणी जुजबी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हाइसरॉय कर्झन यांनी हा विषय लावून धरला. इंग्लंडहून फ्रेडरिक ग्रोव्हर या तज्ज्ञाला पाहणीसाठी बोलावण्यात आले. त्यानंतर १९०५ चा बंगाल धूर-उपद्रव कायदा झाला आणि त्याखाली एक आयोग नेमला गेला.

आयोगाचे निरीक्षक रिंगेलमान तक्ता वापरत. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी काढून करड्या रंगाच्या छटा दाखवलेल्या असतात : ० म्हणजे पांढरा, ५ म्हणजे पूर्ण काळा. तक्ता दूर धरायचा आणि चिमणीच्या धुराशी ताडून पाहायचा. साधन साधेच, पण त्यामुळे वादाला मोजमाप मिळाले. ‘धूर फार आहे’ ही तक्रार राहिली नाही, ती नोंद झाली. खटले भरण्याआधी इशारा देणे, भट्टी कशी पेटवावी हे सांगणे यावर आयोगाचा भर असे. मुंबईतही १९१२ मध्ये असाच कायदा आला.

मात्र दोन मर्यादा लक्षात घ्या. एक, घरगुती चुलींचा धूर कायद्याच्या बाहेर राहिला. दुसरी, ज्यांच्या चिमण्या तपासायच्या त्या व्यापारी-उद्योजक वर्गालाही आयोगात स्थान होते. म्हणजे ज्ञान होते, मोजमाप होते, पण स्वातंत्र्य अर्धेच होते.

२. सायलेंट व्हॅली : सल्ल्यातील पळवाट

स्वतंत्र भारतात राष्ट्रीय पातळीवरचे पहिले सल्लागार मंडळ १९७२ मध्ये आले. स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेची तयारी सुरू असताना, विज्ञान व तंत्रज्ञान विभागात पर्यावरण नियोजन व समन्वयाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तेव्हा पर्यावरण मंत्रालय नव्हते. पर्यावरण विभागच १९८० मध्ये आणि वेगळे मंत्रालय १९८५ मध्ये झाले.

या समितीने १९७६ मध्ये झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यदल नेमले. केरळमध्ये कुंतीपुळा नदीवर जलविद्युत धरण व्हायचे होते आणि सायलेंट व्हॅलीचे जंगल पाण्याखाली जाणार होते. प्रकल्प सोडून द्यावा, असे कार्यदलाने सुचवले. पण पुढे एक वाक्य जोडले : सोडणे शक्यच नसेल तर अमुक अमुक खबरदारी घ्यावी. राज्य सरकारने दुसरा भाग उचलला आणि खबरदारी घेऊ असे सांगून काम पुढे नेण्याचे ठरवले. केरळ शास्त्र साहित्य परिषदेसारख्या संघटना उभ्या राहिल्या नसत्या, तर प्रकरण तिथेच संपले असते. पुढे एम. जी. के. मेनन यांच्या समितीने पुन्हा विचार केला, १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

३. पश्चिम घाट : न उघडलेला अहवाल

मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील खाणी व वीजप्रकल्प हाही त्याच्या अभ्यासाचा भाग होता. गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचवले होते आणि अंतिम निर्णयात ग्रामसभांना स्थान द्यावे असे म्हटले होते.

हा अहवाल मंत्रालयाने जाहीर केला नाही. केरळमधील एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने तो द्यायला सांगितले, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. तोवर त्यात काय आहे याविषयी अफवा पसरल्या होत्या, राज्यांचा विरोध घट्ट झाला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला.

दोन अहवालांत कोणता बरोबर, यावर मतभेद असू शकतात. निवडून आलेल्या सरकारला तज्ज्ञांचे म्हणणे नाकारण्याचा अधिकारही आहे. पण ज्यांच्या शेताबद्दल, डोंगराबद्दल तो अहवाल होता, त्यांना तो वाचायलाच मिळू नये, हे वेगळे.

४. इतरत्र काय आहे?

जर्मनीत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या पर्यावरण सल्लागार परिषदेत सरकारचे सदस्य किंवा उद्योग संघटनांचे प्रतिनिधी बसू शकत नाहीत आणि तिचे अहवाल प्रसिद्ध होतात. ब्रिटनचा प्रदूषणविषयक रॉयल आयोग १९७० मध्ये नेमला गेला. तो आपले विषय स्वतः निवडू शकत असे; पेट्रोलमधील शिसे काढून टाकण्याच्या निर्णयामागे त्याचा १९८३ चा अहवाल होता. तरीही २०११ मध्ये सरकारने तो बंद केला. कायमस्वरूपी दिसणारे मंडळही सरकारच्या मर्जीवर चालू शकते, हे यातून दिसते.

५. चार कसोट्या

सल्लागार मंडळ परवानगी देत नाही, दंडही करत नाही. ती कामे मंत्रालयाची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळांची; दाद मागायला २०१० पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. मंडळाचे बळ फक्त त्याच्या शब्दात असते. म्हणून कोणतेही मंडळ तपासताना हे विचारा :

• सदस्य कोण नेमतो आणि त्यांचे हितसंबंध जाहीर आहेत का?
• विषय मंडळ स्वतः निवडू शकते का?
• अहवाल ठरावीक मुदतीत, लोकांच्या भाषेत, प्रसिद्ध होतो का?
• सल्ला नाकारल्यास सरकारला लेखी कारण द्यावे लागते का?

आपल्याकडे प्रामुख्याने प्रश्नागणिक तात्पुरत्या समित्या नेमण्याची रीत आहे. अशा समितीत जाणकार असतात. पण तिसऱ्या आणि चौथ्या कसोटीवर ती बहुधा अडते.

हा विषय तुमच्यापासून दूर नाही. उद्या तुमच्यापैकी काही जण प्रकल्पांचे पर्यावरण आघात मूल्यांकन कराल. त्या कामाचे पैसे प्रकल्प उभारणारी कंपनीच देते. आकडा गैरसोयीचा आला तर काय लिहायचे, हा प्रश्न तेव्हा तुमच्यासमोर असेल. आकड्यावर सही तुमची असेल, हे विसरू नका.

स्वाध्याय

१. धूर आयोगात उद्योजकांना स्थान असण्याचा एक फायदा व एक तोटा लिहा.
२. सायलेंट व्हॅली कार्यदलाची शिफारस पळवाट न ठेवता तुम्ही कशी लिहिली असती?
३. तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या समितीला वरील चार कसोट्या लावून पाहा.