बरगड्या, डुकराच्या

ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजून मऊ केलेला, बार्बेक्यू पद्धतीचा मांसाहारी पदार्थ. मूळ पद्धत अमेरिकेच्या दक्षिण भागातील. तेथे मांस लाकडाच्या धुरावर तासन्‌तास शिजवतात. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील माडिया गोंड कुटुंबेही डुकरे पाळतात व सणासमारंभांत त्यांचे मांस चुलीवर रांधतात. रानडुकराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने पाळीव डुकराचेच मांस वापरावे.

कृती : बरगड्यांच्या आतील बाजूचा पातळ पापुद्रा सुरीने कोपऱ्यातून उचलून, फडक्यात धरून ओढून काढतात. मीठ, गूळ, तिखट व लसूण चोळून बरगड्या अॅल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळतात आणि १४०° से. तापमानावर अडीच ते तीन तास ठेवतात. सुमारे ७०° से.च्या पुढे चिवट कोलॅजेनाचे हळूहळू जिलेटीन होते. घाई केल्यास मांस वातड राहते. शेवटी कागद उघडून टोमॅटो, गूळ व व्हिनेगर यांचा सॉस लावतात व २००° से.वर १० मिनिटे भाजतात. मांस हाडाच्या टोकापासून मागे सरले, की पदार्थ तयार झाला. अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमीची बाधा होऊ शकते. म्हणून ते पूर्ण शिजवणे अत्यावश्यक आहे.