उसन्या वेळेतला चित्रपट

कमी पैशात केलेल्या चित्रपटांच्या कथा आपण मोठ्या आवडीने ऐकतो. कोणी घर गहाण टाकले, कोणी बायकोचे दागिने मोडले, कोणी उधारीवर कॅमेरा आणला. या कथांमध्ये हिशेब नेहमी रुपयांचा असतो. मला मात्र अनेक वर्षांच्या वाचनानंतर असे वाटू लागले आहे, की हा हिशेब रुपयांत नव्हे, दिवसांत मांडायला हवा. पैसा नसलेल्या माणसाची खरी लढाई काळाशी असते.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले, यंत्रसामग्री घेऊन परतले आणि दादरच्या बंगल्यात कामाला लागले. स्वयंपाकापासून फिल्मला भोके पाडण्यापर्यंत सरस्वतीबाई राबल्या. 'राजा हरिश्चंद्र'ला सहा महिने सत्तावीस दिवस लागले, असे सांगितले जाते. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. पैशाची ओढाताण होतीच. पण घर, माणसे आणि चोवीस तास फाळक्यांच्या हाती होते. एकदा सुरू झालेले काम चालू राहिले.

यानंतर चाळीस वर्षांनी कोलकात्यात आणखी एका माणसाने चित्रपटासाठी विम्यावर कर्ज काढले. त्यांचे नाव सत्यजित राय. त्यांच्याजवळ मात्र स्वतःचा वेळही नव्हता.

राय तेव्हा डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत कलाविभागात नोकरीला होते. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या कादंबरीवर चित्रपट करायचा, हे त्यांच्या मनात पक्के होते. निर्मात्यांचे उंबरठे झिजवून झाले. गाणी नाहीत, नावाजलेले नट नाहीत, असल्या चित्रपटात पैसे घालायला कोण तयार होणार? नोकरी सोडावी तर घर कसे चालणार? तेव्हा ठरले, की चित्रीकरण रविवारी आणि सुटीच्या दिवशी करायचे. छायाचित्रकार सुब्रत मित्र जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि त्यांनी त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. कलादिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांना थोडा अनुभव होता. बाकी बहुतेकांची पाटी कोरी होती.

२७ ऑक्टोबर १९५२ रोजी पहिले चित्रीकरण झाले. शरद ऋतूत बंगालमध्ये काश नावाचे गवत पांढऱ्या तुऱ्यांनी फुलते. अपू आणि दुर्गा ही भावंडे त्या फुलोऱ्यातून जातात आणि आयुष्यात प्रथमच आगगाडी पाहतात, असा तो प्रसंग. त्या दिवशी निम्मे काम झाले. पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा त्याच शेतात गेली, तर तुरे गायब! मधल्या दिवसांत गुरांनी सगळा फुलोरा फस्त केला होता. उरलेला भाग घ्यायचा तर पुढच्या शरदाची वाट पाहणे आले, आणि तशी ती पाहिलीही. पडद्यावर सलग वाटणारा तो प्रसंग दोन वेगवेगळ्या वर्षांतला आहे.

मला या घटनेत कमी पैशाच्या चित्रपटाचे सगळे दुखणे दिसते. हाती पैसे असणारा निर्माता दुसऱ्या दिवशीच तिथे हजर झाला असता. गुरांना रविवारपर्यंत थांबायला कोण सांगणार?

पुढे राणा दत्त हे निर्माते मिळाले, थोडे काम झाले आणि त्यांचेही पैसे संपले. राय यांनी विम्यावर कर्ज काढले, जीव लावून जमवलेल्या ग्रामोफोनच्या रेकॉर्डी विकल्या. पत्नी बिजोया राय यांचे दागिने गहाण पडले. तेही संपले आणि कामाला दीर्घ खंड पडला. कारखाना बंद पडला तर यंत्रे निदान जागच्या जागी राहतात. चित्रपटाचे तसे नसते. अपू झालेला सुबीर बॅनर्जी आणि दुर्गा झालेली उमा दासगुप्ता ही वाढत्या वयाची मुले. म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या भूमिकेतल्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या. मुलाचा आवाज फुटला, मुलगी अंगाने भरली किंवा त्या वृद्ध बाईंचे काही बरेवाईट झाले, तर आधीची सगळी रिळे वाया जाणार होती. यातले काहीच घडले नाही, याला राय यांनी पुढे चमत्कारच म्हटले.

पण प्रत्येक वेळी दैव मेहेरबान नव्हते. गावातल्या मिठाईवाल्याचे काम करणारे गृहस्थ मध्येच वारले. मग त्यांच्याच बांध्याचा दुसरा माणूस शोधून त्याला पाठमोरा दाखवावा लागला. मुलांमागून धावणारा कुत्राही मेला आणि त्याच्या जागी दुसरा आणावा लागला. प्रेक्षकांना हे कळत नाही, हे दिग्दर्शकाचे कसब. पण ती वेळ त्याच्यावर का आली, हे आपण विसरू नये.

'अडचणीतूनच मोठी कला जन्मते' असे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. मला ते पटत नाही. काम करता करता ही मंडळी शिकत गेली, हे खरे. राय यांनीही ते मान्य केले आहे. पण काम बंद असतानाच्या सक्तीच्या रिकामपणाने निराशेखेरीज काही दिले नाही, पटकथेकडे पाहणेही नकोसे होई, असेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. 'पथेर पांचाली' मोठा झाला तो टंचाईमुळे नव्हे, टंचाईला पुरून उरल्यामुळे. असे न उरलेले चित्रपट किती असतील, त्यांची मोजदाद कोण करणार?

शेवटी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्यापर्यंत गोष्ट गेली आणि सरकारने चित्रपट पुरा करायचे ठरवले. नावात 'पथ' म्हणजे रस्ता, म्हणून खर्च रस्ते सुधारणेच्या खाती पडला, ही गंमत सर्वश्रुत आहे. त्यापुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पैसे हप्त्याहप्त्याने, आधीचा हिशेब दिल्यावर मिळत. पावसाळ्यातले प्रसंग घ्यायचे होते आणि हप्ता हाती पडला तेव्हा पावसाळा सरून ऑक्टोबर उजाडला होता! आभाळ निरभ्र. कॅमेरा आणि दोन मुले घेऊन ही माणसे बोराल गावात रोज ढगांची वाट पाहत बसत. एके दिवशी अवचित सर आली आणि काम झाले. पावसात कुडकुडणारी ती भावंडे आपण पडद्यावर पाहतो, तेव्हा त्यांना सोसावी लागलेली थंडी खरी होती.

आणि गंमत पाहा, शेवटी सगळ्याची घाई झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे निमंत्रण आले होते आणि तारीख जवळ येत होती. पंडित रविशंकर दौऱ्यावर असल्याने पार्श्वसंगीत एकाच बैठकीत, रात्रभर जागून ध्वनिमुद्रित झाले. संकलक दुलाल दत्त आणि राय यांनी अखेरचे दिवस जवळपास झोपेविना काढले. ३ मे १९५५ रोजी चित्रपट न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. फाळक्यांच्या पदार्पणाचीच ती तारीख! २६ ऑगस्टला तो कोलकात्यात झळकला आणि १९५६ साली कान महोत्सवात 'उत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून गौरवला गेला. चुनीबाला देवी मात्र तो प्रदर्शित होण्यापूर्वीच गेल्या होत्या. काळाने तेवढी वसुली केलीच.

आज कॅमेरा स्वस्त झाला आहे, कच्च्या फिल्मचा खर्च उरलेला नाही. पण नोकरी सांभाळून रविवारी चित्रीकरण करणारी मुले आजही आहेत. नटाच्या तारखा, ओसरणारा पाऊस, मोठे होणारे मूल, यांतले काहीही स्वस्त झालेले नाही. महाराष्ट्र शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षणानंतर मिळते. तोपर्यंतचे दिवस ज्याचे त्याने ढकलायचे असतात. म्हणून अशा मदतीबद्दल 'किती मिळाले' याबरोबर 'कधी मिळाले' हेही आपण विचारायला हवे. उशिरा आलेल्या पैशाने पुढचे काम होते, पण सरलेला पावसाळा त्याने परत आणता येत नाही.