नवगावचे दोन उंचवटे

१/४
अलिबागजवळील नवगाव येथे बेने इस्राएल समाजाची प्राचीन मानली जाणारी दफनभूमी आहे. परंपरा सांगते की, याच किनाऱ्यापाशी गलबत फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना दोन उंचवट्यांखाली पुरण्यात आले.

२/४
वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. गावांवरून किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावे रूढ झाली. मराठी मातृभाषा झाली.

३/४
गलबताच्या कथेला समकालीन लेखी आधार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची स्मृती आणि हे उंचवटे एवढाच तिचा ठेवा.

४/४
१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. पूर्वजांची माती मात्र नवगावातच राहिली. ती जपण्याचे उत्तरदायित्व आता मागे उरलेल्या मोजक्यांवर आणि शेजारच्या गावावर आहे.