सुमोचा आखाडा आणि नभोवाणी

जपानला जाणारा प्रवासी जानेवारी, मे किंवा सप्टेंबर महिन्यात टोकियोत असला, तर रियोगोकु भागातील कोकुगिकान या भव्य सभागृहात सुमो कुस्त्या पाहिल्यावाचून तो सहसा परतत नाही. स्पर्धा पंधरा दिवसांची. सकाळी उमेदवार मल्लांच्या लढती सुरू होतात, तेव्हा सभागृह जवळजवळ ओस असते. दुपार कलल्यावर श्रेष्ठ वर्गाचे मल्ल भरजरी वस्त्र कमरेला बांधून मातीच्या उंच ओट्यावर चढू लागले, की सुमारे अकरा हजार आसनांची ती वास्तू गजबजून जाते. चौघाचौघांसाठी आखलेल्या चौकोनी खणांत माणसे जोडे काढून मांडी घालून बसतात, फराळाचे डबे उघडतात. समोर मल्ल चूळ भरतात, मूठभर मीठ उधळतात, एक पाय उंच नेऊन दाणकन जमिनीवर आदळतात, उकिडवे बसून एकमेकांवर नजर रोखतात; आणि लढत जुंपणार असे वाटते न वाटते तोच उठून पुन्हा मिठाकडे वळतात. हे चार मिनिटांपर्यंत चालते. मग जी झोंबी होते ती पुष्कळदा दहापंधरा सेकंदांत आटोपते. वर्तुळाबाहेर पाऊल पडले, किंवा तळपायावाचून अंगाचा कोणताही भाग मातीला टेकला, की हार! चितपट झाल्यावाचून निकाल न मानणाऱ्या बेळगाव-कोल्हापूरकडील रसिकास हा हिशेब प्रथम विपरीतच वाटावयाचा.

परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते निराळेच. प्रवाशाला वाटाड्या सांगतो, की हे सर्व दोन सहस्र वर्षे असेच चालत आले आहे. खेळ प्राचीन आहे, यात संशय नाही. इ. स. 720 मध्ये सिद्ध झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात नोमी नो सुकुने या वीराने प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्या मोडून त्यास ठार केल्याची आख्यायिका आहे, आणि आठव्या शतकापासून राजदरबारी कुस्त्यांचे समारंभ होत. मात्र प्रवाशाच्या डोळ्यांपुढे जे दिसते, त्यातील बराच भाग आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात घडलेला आहे.

एदोकाळी, म्हणजे शोगुनांच्या अमलात, टोकियोतील कुस्त्या उघड्यावर होत. 1833 पासून एकोइन मंदिराचे आवार हे त्यांचे ठरलेले ठिकाण होते. पाऊस आला की स्पर्धा थांबे. 'योकोझुना' हा आजचा सर्वोच्च किताब. पण तानिकाझे आणि ओनोगावा या दोन मल्लांना कमरेला पांढरा दोर बांधून आखाड्यात उतरण्याचा परवाना मिळाला तो 1789 साली. पुढे मेइजी राजवट आली, आणि पाश्चात्त्यांच्या नजरेला नजर देऊ पाहणाऱ्या सुधारकांना उघड्या अंगाचे हे मल्ल लाजिरवाणे वाटू लागले. खेळ बंद करावा असेही बोलले जाऊ लागले. 1884 साली खुद्द सम्राटांनी कुस्त्या पाहिल्या, तेव्हा कोठे सुमोची बूज राहिली.

1909 साली रियोगोकु येथे पहिले कायमचे छत उभे राहिले. टोकियोच्या रेल्वे स्थानकाचे शिल्पकार तात्सुनो किंगो यांनीच या पोलादी घुमटाच्या इमारतीची आखणी केली होती. कादंबरीकार एमी सुइइन यांनी उद्घाटनासाठी लिहिलेल्या मजकुरात सुमोस 'राष्ट्राची विद्या' म्हटले होते. त्यावरून इमारतीचे नाव पडले, आणि ते बिरुद खेळास कायमचे चिकटले. मौज पुढेच आहे. इमारत नवी झाली आणि पंचाचा पोशाख जुना! तोवर एदोकाळातील सामुराईंच्या धर्तीचे कपडे घालणारे पंच 1910 साली त्याहूनही प्राचीन अशा दरबारी झग्यात आणि काळ्या टोपीत दिसू लागले. आखाड्यावरील छपरास शिंतो देवळाचा साधा घाट आला तो 1931 साली.

श्रोतेहो, नभोवाणीवरून बोलताना पुढील हकीकत सांगण्यास मला विशेष गोडी वाटते. पूर्वी मल्लांच्या त्या रोखून पाहण्याला काळाचे बंधन नव्हते. दोघांचा श्वास जुळला की लढत जुंपावयाची; त्यास अर्धा तास लागो, क्वचित तासाहून अधिक लागो. जानेवारी 1928 मध्ये कुस्त्यांचे वर्णन नभोवाणीवरून प्रक्षेपित होऊ लागले, आणि ठरल्या वेळात कार्यक्रम संपविणे भाग पडले. श्रेष्ठ वर्गासाठी दहा मिनिटांची मर्यादा घातली गेली, मल्लांनी कोठे उकिडवे बसावे याच्या पांढऱ्या रेघा मातीवर उमटल्या. लोक घरीच ऐकत बसतील आणि सभागृह रिकामे राहील ही चालकांची धास्ती खोटी ठरली. ऐकणाऱ्यांना पाहण्याची ओढ लागली. मर्यादा उतरत उतरत 1950 मध्ये चार मिनिटांवर आली. 1952 साली प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारे छपराचे चारही खांब काढून टाकण्यात आले; पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणी आली. सहा टनांहून अधिक वजनाचे ते छप्पर आज तारांनी अधांतरी टांगलेले असते, आणि खांबांच्या जागी हिरवा, तांबडा, पांढरा व काळा असे चार गोंडे लोंबतात. प्रवासी त्यांची छायाचित्रे मोठ्या भक्तिभावाने घेतात!

प्रत्येक बदल मात्र रुजला नाही. 1931 साली वर्तुळाचा व्यास तेरा शाकूंवरून पंधरा शाकू, म्हणजे 4.55 मीटर, करण्यात आला, तो टिकला. नोव्हेंबर 1945 मध्ये, पराभवानंतर, तो आणखी एक शाकू वाढविला गेला; मल्लांना ते मानवले नाही आणि पुढच्या स्पर्धेत माप पूर्ववत झाले. परकी मल्ल म्हणाल, तर हवाई बेटांतील ताकामियामा यांनी 1972 साली स्पर्धा जिंकली, अकेबोनो 1993 मध्ये योकोझुना झाले, आणि मंगोलियात जन्मलेल्या हाकुहो यांनी 2021 मध्ये निवृत्त होईपर्यंत पंचेचाळीस अजिंक्यपदे मिळवून सर्वांस मागे टाकले.

एक रेघ मात्र पुसली गेलेली नाही. स्त्रीने आखाड्यावर पाऊल ठेवावयाचे नाही. एदोकाळी स्त्रियांना प्रेक्षक म्हणूनही बहुतेक मज्जाव होता. तो मेइजी काळात उठला. परंतु 2000 साली ओसाकाच्या स्त्री राज्यपालांनी विजेत्यास स्वतः पारितोषिक देण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा सुमो संघटनेने परंपरेचे कारण देऊन नकार दिला. एप्रिल 2018 मध्ये माइझुरु गावी तेथील नगराध्यक्ष आखाड्यावर भाषण करीत असता मूर्च्छित होऊन कोसळले. प्रेक्षकांतील काही स्त्रिया धावत वर चढल्या आणि त्यांनी त्यांची छाती दाबण्यास आरंभ केला. पंचाने ध्वनिक्षेपकावरून स्त्रियांना खाली उतरण्याचे पुन्हा पुन्हा फर्मावले. नगराध्यक्ष वाचले. संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली आणि प्राणावर बेतले असता नियम लागू नाही असे सांगितले. पारितोषिक-समारंभापुरता तो नियम होता तसाच ठेवण्यात आला.