ओळख न दाखवणारी टीचर

उर्दूत ‘रूशनास’ असा शब्द आहे. रू म्हणजे चेहरा, शनास म्हणजे ओळखणारा. कुणाची ओळख करून द्यायची तर ‘रूशनास कराना’ म्हणतात. मराठीत जुजबी परिचयाला आपण ‘तोंडओळख’ म्हणतो. मी या दोन्ही भाषा शाळेत शिकवते आणि दोघींनी मिळून माझी पंचाईत करून ठेवली आहे, कारण मला चेहरे ओळखता येत नाहीत. डोळे ठीक आहेत. समोरच्या बाईचं नाक, भुवया, हनुवटीवरचा तीळ, सगळं दिसतं. तीच बाई तासाभराने दुसरी ओढणी घेऊन आली की मला नवीन.

मराठीत आणखी एक बोलणं आहे, ‘ओळख दाखवली नाही’. म्हणजे ओळख आहे, माणूस मुद्दाम दाखवत नाही. माझ्यावर जन्मभर हाच आरोप आहे. सासरी म्हणायचे, बीएड झाली आणि घमेंड आली.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी तापाने गेली. मी घरी गेले तेव्हा खोलीभर बायका बसलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावरून ओढण्या. तिची अम्मी पालकसभेला दर वेळी यायची, वर्ग रिकामा झाला तरी बोलत राहायची. मी दाराजवळच्या एका बाईशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, “अम्मी कुठे आहे तिची?” ती नुसती बघत राहिली. पलीकडची म्हणाली, “टीचर, यहीच तो है.”

त्यानंतर मी या गोष्टीचा शोध घ्यायला लागले. तोवर मला वाटायचं की माझं लक्ष नसतं.

याला आता ‘प्रोसोपॅग्नोशिया’ म्हणतात. पण नावापेक्षा तक्रार जुनी आहे. आर्थर विगन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1844 साली मेंदूच्या दोन अर्धांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक मध्यमवयीन गृहस्थ येतो. कुणाशी तासभर बोलला तरी दुसऱ्या दिवशी त्याला तो माणूस ओळखता येत नसे. ज्यांच्याशी व्यवहार केले तेही अनोळखी वाटत, आवाज कानावर पडेपर्यंत. लोक दुखावत, मित्र तुटत चालले होते. विगननी सल्ला दिला की लोकांना सरळ सांगून टाका. गृहस्थ तयार झाला नाही. त्याला ते लपवायचं होतं, आणि दोष डोळ्यांचाच आहे हा त्याचा हट्ट सुटेना. हे वाचताना मला घाम फुटला. मीही तीन वेळा चष्म्याचा नंबर तपासून घेतला आहे.

1867 साली इटलीत अंतोनियो क्वालीनो या नेत्रवैद्यांनी पक्षाघातानंतरचा एक रुग्ण नोंदवला. त्याला अक्षरं वाचता येत, चेहरे मात्र ओळखू येत नसत. 1883 साली पॅरिसचे प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांनी एका व्यापाऱ्याची हकीकत सांगितली. पूर्वी त्याची नजरेची स्मरणशक्ती दांडगी होती, एकाएकी ती गेली. एकदा सार्वजनिक दालनात समोरून येणाऱ्या माणसाने वाट अडवली म्हणून याने त्याची माफी मागितली. समोर आरसा होता.

नाव मिळालं 1947 साली, महायुद्धाच्या राखेतून. जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांच्याकडे डोक्याला जखमा झालेले सैनिक येत. त्यातला एक चोवीस वर्षांचा, डोक्यात गोळी लागलेला. त्याला घरचे, मित्र, आरशातला स्वतःचा चेहराही ओळखता येत नव्हता. इतर बरंच कळत होतं. बोडामरांनी त्यावरून मांडलं की चेहरा ओळखणं हे मेंदूचं वेगळं काम आहे आणि ते एकटंच बिघडू शकतं. चेहरा आणि अज्ञान या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून त्यांनी नाव तयार केलं. पुढे 1997 साली नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या खालच्या बाजूला, कानशिलाच्या अंगाला, चेहरा पाहताना विशेष जागा होणारा भाग स्कॅनवर दाखवला.

या इतिहासावर माझी एक तक्रार आहे. तो बराच काळ जखमींचा इतिहास राहिला. ज्याची एखादी गोष्ट जाते त्याला ती गेल्याचं कळतं. जो तिच्याशिवायच जन्मला, त्याला वाटतं सगळ्यांचं असंच असेल, फक्त बाकीचे जास्त मन लावत असतील. जन्मापासून हे असलेल्या मुलीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली ती 1976 साली. आणि 2006 साली जर्मनीत म्युन्स्टर इथल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत प्रमाण निघालं शंभरात अडीच. म्हणजे साठच्या वर्गात एक तरी. ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टरांचं, बायकोलाच टोपी समजणाऱ्या माणसावरचं पुस्तक 1985 सालचं. आपल्यालाही जन्मभर हाच त्रास आहे, हे त्यांनी 2010 साली सविस्तर लिहिलं. दाढीवाल्या माणसाला धक्का लागेल म्हणून माफी मागितली आणि तो आरशातला आपणच निघालो, हेही सांगितलं. शार्कोंच्या व्यापाऱ्याची गोष्ट पुन्हा घडली, फक्त या वेळी सांगणारा स्वतः डॉक्टर होता.

हे सगळं वाचताना मला आपल्याकडचं एक जुनं पान आठवलं. सहीह बुखारीत साक्षीच्या प्रकरणात अंध माणसाच्या साक्षीबद्दल एक बाब आहे. तिथे प्रश्न असा की चेहरा न पाहता माणूस ओळखला, तर ती ओळख धरायची का? तिथल्या रिवायती मला फार जवळच्या वाटतात. रात्री मशिदीतून नमाज पढणाऱ्याचा आवाज येतो आणि पैगंबर (स.) विचारतात, आयेशा, हा अब्बादचा आवाज का? सुलेमान बिन यसार दारावर परवानगी मागतात आणि हजरत आयेशा (र.) आवाजावरून त्यांना ओळखून आत बोलावतात. समुरा बिन जुंदुब (र.) यांनी नकाबातल्या बाईची साक्ष मान्य केल्याचीही नोंद तिथेच आहे. फकीहांचं एकमत नाही. मालिकी आवाजाच्या ओळखीवर अंधाची साक्ष घेतात, आम्ही हनफी घेत नाही. (या एका मसल्यात माझं मन मालिकी आहे, उलेमांनी माफ करावं.)

नकाबावरून आठवलं. बाहेरचे लोक म्हणतात, तुमच्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात, ओळखता कशा? लग्नाच्या हॉलबाहेर वीस नकाबवाल्या उभ्या असल्या की बाकीच्या गोंधळतात, मी निवांत असते. मी नेहमीसारखीच चालीवरून, हातावरून, खोकल्यावरून ओळखत असते. नकाब उतरला की माझा गोंधळ सुरू.

शाळेत मी मुलींना बेंचवरून ओळखायचे. सहामाहीनंतर जागा बदलल्या की पंधरा दिवस फक्त हजेरीच्या ‘हाजिर’ वर कान. परवाच्या जूनमध्ये शेवटी विगनचं ऐकलं. पहिल्याच तासाला सांगून टाकलं की मला चेहरे ओळखता येत नाहीत, वर्गाबाहेर भेटलात तर सलाम करून नाव सांगा. दोन दिवस खिदळणं चाललं, एकमेकींची नावं सांगून मला फसवून पाहिलं. आवाजावरून पकडल्या गेल्या तेव्हा थांबल्या.

मग हिंमत करून त्या अम्मीकडेही गेले. दारातच नाव विचारलं, खात्री केली आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “मला वाटलं, टीचर माझ्या मुलीलाही विसरल्या.”

मी तिला सांगितलं की ती ‘ऐन’ नेहमी उलट्या तीनसारखा काढायची, ‘हाजिर’ म्हणताना ‘जि’ लांबवायची आणि नज्म म्हणताना तिसऱ्या ओळीला श्वास घ्यायला विसरायची. अम्मीने आतून तिची वही आणली आणि आम्ही दोघी ते ‘ऐन’ बघत बसलो.